निळा फ्यूज का उडाला?



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एक तरी जुनी गाडी असेल, आणि ती आधी जपानमध्ये कोणीतरी वापरून मग बोटीने इथे आलेली असण्याचा संभव पुष्कळ. १९८० च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडने वापरलेल्या जपानी गाड्यांची आयात मोकळी केली. १९९८ साली आयात गाड्यांवरचे शुल्कही उठले आणि इथले गाड्या जोडणारे कारखाने बंद झाले. आमची गाडी अशीच आलेली, १९९७ सालची. म्हणजे वयाने ती तुम्हां सर्वांपेक्षा मोठी आहे, तेव्हा तिच्याविषयी थोडे आदराने बोलू.

गिअरच्या दांड्यापुढे एक गोल खळगा असतो. आमच्या घरात त्याला अजून 'लायटर' म्हणतात, कारण मुळात ती जागा सिगारेट पेटवण्यासाठी होती. लायटरची कळ आत दाबली की तळाशी असलेल्या वाकड्या पट्ट्या तिला धरून ठेवीत. कळीतले तारेचे वेटोळे तापून लाल झाले की पट्ट्या सैल होत आणि कळ 'टक्' करून बाहेर येई. या पट्ट्या दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. आता गाडीत सिगारेट कोण ओढतो? २०२१ च्या नोव्हेंबरपासून न्यूझीलंडमध्ये १८ वर्षांखालील मूल गाडीत असताना ओढणे कायद्यानेच बंद आहे. लायटर गेला, पण खळगा राहिला आणि त्याला बरीच कामे लागली. फोन, नकाशा दाखवणारे यंत्र, टायरमध्ये हवा भरायचा पंप, सगळे त्यातूनच वीज घेतात. त्याला आपण यापुढे सॉकेट म्हणू.

हे सॉकेट गेल्या उन्हाळी सुट्टीत वाटेत मेले. आम्ही संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, पदवीही इंजिनिअरिंगची आहे, तरी त्या दिवशी आम्ही जवळजवळ सगळ्या चुका ओळीने केल्या. त्या चुकांसकट हा पाठ लिहीत आहोत.

आमच्या कन्येची आजी पुण्याहून आली होती. ऑकलंडचे दिवस संपले आणि आता महिनाभर वेलिंग्टनला काकांकडे राहायचे, म्हणून आम्ही तिला गाडीने पोचवायला निघालो. आजीला मधुमेह आहे. रोजच्या वापरातले इन्सुलिनचे पेन बाहेर चालते, पण न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. हा सगळा साठा आम्ही विजेवर चालणाऱ्या चिली बिनमध्ये ठेवला होता आणि बिनची वायर सॉकेटमध्ये होती. टाउपोला तळ्याकाठी डबा खाल्ला. तेवढ्या वेळात गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून वायर काढून ठेवली, आणि निघताना ती परत लावायची विसरलो.

टुरांगीच्या पुढे डेझर्ट रोड लागतो. उजवीकडे रुआपेहू, दोन्ही बाजूंना पिवळे गवत, वस्ती नाही. तिथे रेडिओ गप्प झाला. आम्ही म्हटले, डोंगरामुळे स्टेशन लागत नसेल. शिवाय जपानी गाड्यांचे रेडिओ मुळात तिकडच्या ७६ ते ९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी केलेले, आणि इथली स्टेशने ८८ ते १०८ वर. आमच्या गाडीत त्यासाठी मधे एक जोड-यंत्र बसवलेले आहे, ते कधीमधी रुसते. म्हणजे कारणे आमच्याकडे एक सोडून दोन होती, आणि दोन्ही चुकीची. गाडीतले घड्याळही त्याच वेळी विझले होते. ते मागच्या सीटवरून कन्येला दिसले, तिने सांगितलेही. आम्ही म्हटले, "ऊन पडलंय ना काचेवर, म्हणून दिसत नाही."

वायोउरूला लष्करी संग्रहालयाबाहेरचे रणगाडे बघायला थांबलो तेव्हा वायरची आठवण झाली. ती सॉकेटमध्ये खुपसली. चिली बिनचा पंखा फिरेना, दिवा लागेना.

आता फ्यूजकडे वळू. उजव्या बाजूला, गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ एक झाकण असते. ते काढले की आत रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे तुकडे ओळीने बसवलेले दिसतात. प्रत्येक तुकड्याला धातूचे दोन पाय असतात आणि पायांना जोडणारी एक नाजूक पट्टी. यालाच शुद्ध मराठीत 'वितळतार' म्हणतात, आणि हे नाव फ्यूजपेक्षा चांगले आहे, कारण त्यात त्याचे कामच सांगितले आहे. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की ती पट्टी वितळते आणि वाट तुटते. रंग हवा तसा दिलेला नसतो. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०.

झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा ते छापलेले असते, पण आमच्या गाडीवर ते जपानीत होते. इथे भाषेच्या वर्गाला साजेशी एक गंमत सांगतो. जपानी लोक परक्या भाषेतले शब्द लिहायला 'काताकाना' नावाची वेगळी लिपी वापरतात. तिची अक्षरे शेपन्नासच्या आत आहेत आणि फोनवर बघून दहा मिनिटांत शब्द लावता येतो. लायटरच्या जागी लिहिले होते 'शिगाऽ राइताऽ'. फ्यूजला ते 'ह्यूझु' म्हणतात आणि बॅटरीला 'बात्तेरीऽ'. आपण 'टेबल' आणि 'स्टेशन' देवनागरीत लिहितो तसेच हे. 'शिगाऽ राइताऽ'च्या शेजारी 'राजिओ'ही छापले होते, आणि तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. रेडिओ, घड्याळ आणि सॉकेट एकाच फ्यूजवर होती. डोंगराचा आणि उन्हाचा त्यात काहीच संबंध नव्हता. कन्येने काही न बोलता फक्त आमच्याकडे पाहिले.

निळा फ्यूज काढला, तर आतली पट्टी तुटून काळी पडलेली. झाकणातच एक जास्तीचा निळा फ्यूज होता तो बसवला आणि किल्ली फिरवली. बारीक 'चट्' आवाज झाला आणि तोही गेला. पेट्रोल पंपावरून फ्यूजचे पाकीट आणले. त्यात प्रत्येक रंगाचा एकेक होता. निळा घातला. चट्.

एव्हाना पाऊण तास गेला होता आणि ऊन चढले होते. बर्फाची पिशवी आणून टॉवेलमध्ये गुंडाळून बिनमध्ये ठेवली. इन्सुलिनला बर्फ थेट लागता कामा नये, कारण एकदा गोठले की ते निकामी होते. वेलिंग्टन अजून तीनएक तासांवर होते. पाकिटात आता लाल, पिवळा आणि हिरवा उरले होते. हिरवा ३० अँपिअरचा. आम्ही तो हातात घेतला. मनात म्हटले, एवढा रस्ता तर निघेल, घरी गेल्यावर बघू.

आजी दार उघडून बसली होती. ती म्हणाली, "अरे थांब. मोठा घालतोस तो कशासाठी?"

"आई, लहान टिकत नाहीत, म्हणून."

"मग आधी ते का टिकत नाहीत ते बघ ना."

पुढे तिने सदाशिव पेठेतल्या वाड्याची गोष्ट सांगितली. त्या काळी मीटरजवळ चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत. फ्यूज उडाला की खोबणीत बारीक तार पुन्हा बांधायची. उन्हाळ्यात रोज रात्री लाईट जाई, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांनी कंटाळून चांगली जाड तांब्याची तार पीळ देऊन बांधली. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही. एके रात्री मात्र माळ्यावरच्या लाकडी पट्टीतून जळका वास येऊ लागला. पट्टीतल्या वायरीचे आवरण वितळून लाकूड धुमसत होते. शेजारी जागे होते म्हणून वाडा वाचला. "फ्यूज काही बिघडलेला नसतो," आजी म्हणाली, "तो बिचारा ओरडून सांगत असतो."

आजी शाळेत मराठी शिकवत असे, विज्ञान नव्हे. पण तिचे बोलणे गणिताने पडताळून पाहा. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. सॉकेटला जाणारी वायर कारखान्याने १५ अँपिअरचा फ्यूज धरून निवडलेली असते. ३० चा फ्यूज घातला म्हणून वायर जाड होत नाही. कदाचित तो हिरवा फ्यूजही लगेच उडाला असता आणि आम्ही सुटलो असतो. पण आतला दोष अर्धवट असता आणि २५ अँपिअर वाहत राहिले असते, तर हिरव्या फ्यूजला त्याचे काहीच वाटले नसते. वायर मात्र डॅशबोर्डमागे, प्लॅस्टिक आणि धुळीत, जवळजवळ तिप्पट तापत राहिली असती, तेही आम्ही सगळे आत बसलेले असताना.

हिरवा फ्यूज पाकिटात परत ठेवला. किल्ली काढली, फ्यूजची जागा रिकामीच ठेवली आणि मग आधी करायला हवे होते ते केले. विजेरी घेऊन सॉकेटमध्ये डोकावलो.

तळाशी तांबूस काहीतरी चमकत होते. ते दहा सेंटचे नाणे होते.

टाउपोला आइस्क्रीमचे सुटे पैसे कन्येने गिअरपुढच्या खणात टाकले होते. पुढच्या एखाद्या वळणावर एक नाणे घरंगळून उघड्या सॉकेटमध्ये पडले आणि आम्ही वायर खुपसून ते आणखी पक्के बसवले. आता मापे बघा. सॉकेटचे तोंड सुमारे २१ मिलिमीटर. न्यूझीलंडच्या दहा सेंटचा व्यास २०.५ मिलिमीटर. वीस सेंटचे नाणे २१.७५, एक डॉलर २३, पन्नास सेंट २४.७५ आणि दोन डॉलर २६.५. म्हणजे खिशातल्या पाच नाण्यांपैकी हे एकच आत जाते, आणि जाते तेही असे की तळ झाकून कडेला टेकावे. २००६ सालापूर्वीचे दहा सेंटचे नाणे मोठे होते, ते आत गेलेच नसते. मात्र तेव्हाचे पाच सेंटचे गेले असते.

नाण्याने काय केले? सॉकेटच्या तळाचा मधला भाग धन, म्हणजे बॅटरीच्या अधिक टोकाकडून आलेला. भोवतालची भिंत ऋण. चार्जरसारखे उपकरण या दोघांच्या मधे बसते आणि प्रवाहाला आपल्यातून जाताना काम करायला लावते. नाणे दोघांना सरळ जोडते. त्याला रोध जवळजवळ नाहीच, मग प्रवाह बेफाम वाहतो. यालाच आपण 'शॉर्ट झाला' म्हणतो. त्या प्रवाहाला निळ्या फ्यूजने तीन वेळा अडवले.

नाणे काढण्यात आणखी वीस मिनिटे गेली. बोट पोचेना. चिमटा नव्हता, आणि असता तरी फ्यूज काढल्याशिवाय धातूचा चिमटा आत घालणे म्हणजे दुसरे नाणे टाकण्यासारखेच. कन्येला आठवले की आजीने पुण्याला न्यायला टाउपोच्या दुकानातून किवी पक्ष्याचे फ्रिज मॅग्नेट घेतले होते. इथले दहा सेंटचे नाणे तांब्याचे दिसते, पण ते तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद आहे, म्हणून चुंबकाला चिकटते. किवीच्या पाठीचा गोल चुंबक सोडवला आणि च्युइंगमने पेन्सिलीच्या टोकाला बसवला. तो आधी दोनदा सॉकेटच्या भिंतीलाच चिकटला. तिसऱ्यांदा नाणे वर आले.

निळा फ्यूज आता एकही शिल्लक नव्हता. तेव्हा मागच्या काचेच्या वायपरचा फ्यूज काढून घेतला. तोही निळा, १५ चाच. पाऊस नव्हता, वायपर थांबू शकत होता. दिवे, ब्रेक असल्यांचा फ्यूज मात्र असा उसना घ्यायचा नाही. किल्ली फिरवली, घड्याळ लागले, रेडिओ बोलू लागला आणि बिनचा पंखा घरघरला. बिनमध्ये आम्ही एक छोटा तापमापक ठेवला होता, तो ७ अंश दाखवत होता.

इथे गोष्ट संपायची, पण तेच सॉकेट ईस्टरच्या सुमारास पुन्हा मेले. या वेळी आम्ही घरी होतो आणि घाई नव्हती. म्हणून या वेळचा शोध नीट घेतला, तो सांगतो. तुम्ही हे एकट्याने करायचे नाही. आईबाबांना बरोबर घ्या, दिवे त्यांना धरायला द्या.

प्रथम, दोष सॉकेटचाच आहे ना? चार्जर दुसऱ्या गाडीत लावून बघितला, चालला. (न चालता, तर त्याच्या टोकाची गोल चकती फिरवून बघायची. पुष्कळ चार्जरांच्या टोकात काचेचा एक इवलासा फ्यूज लपलेला असतो.) किल्ली पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवलेली आहे ना? होती. सॉकेटमध्ये नाणे, राख, कागद? काही नाही. रेडिओ आणि घड्याळ चालू होती. म्हणजे फ्यूज शाबूत असणार, असा अंदाज. पण डेझर्ट रोडवर आम्ही असे पुष्कळ अंदाज केले होते, म्हणून तोही तपासला.

तपासायला काय वापरायचे? भारतातून येताना बहुतेक बाबांनी पेचकसासारखा टेस्टर आणलेला असतो, तो खोबणीत घातला की लाल दिवा लागतो. गाडीत तो उपयोगाचा नाही. त्यातला निऑनचा दिवा पेटायला बरेच व्होल्ट लागतात आणि गाडीत आहेत बारा. तो कुठेही लावला तरी विझलेलाच राहील आणि तुम्ही म्हणाल की सगळीच गाडी मेली. गाडीच्या सामानाच्या दुकानात बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प मिळतो. त्याला एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई आणि मुठीत लहान बल्ब असतो.

आता वीज कोणत्या वाटेने येते ते डोळ्यांपुढे आणा. बॅटरीच्या अधिक टोकापासून मोठा फ्यूज, तिथून किल्लीचे स्विच, मग आपला निळा फ्यूज, मग वायर, सॉकेटचा मधला भाग, उपकरण, सॉकेटची भिंत, आणि तिथून परत बॅटरीच्या उणे टोकाकडे. एवढ्या लांब वाटेत कुठेतरी पूल तुटला आहे. एका टोकापासून एकेक फूट तपासत जाण्यापेक्षा मधोमध बघावे. तिथपर्यंत वीज येत असेल तर अर्धी वाट निर्दोष ठरली, दोष पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. आमच्या धंद्यात हजार ओळींच्या प्रोग्रॅममधली एक चूक आम्ही अशीच शोधतो. दहा वेळा अर्धे केले की हजारातून एक उरते.

आमच्या वाटेचा मध्य म्हणजे फ्यूजची पेटी. लॅम्पचा चिमटा रंग नसलेल्या धातूच्या बोल्टला लावला. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघड्या टिकल्या असतात, फ्यूज न काढता तिथे सुई टेकवता येते. दोन्हींवर दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीवरच लागला तर फ्यूज उडालेला. दोन्हींवर लागला नाही तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही, दोष मागे. आमचा दोन्हींवर लागला. अर्धी वाट मिटली.

मग सुई सॉकेटच्या मधल्या भागाला टेकवली, कडेला लागू न देता. चिमटा बोल्टलाच होता. दिवा लागला! वीज सॉकेटपर्यंत येत होती. तरी चार्जर मेलेला. कन्या म्हणाली, "बाबा, मग आता काहीच मोडलेलं नाहीये." आम्हीही क्षणभर तसेच म्हणणार होतो.

उरली परतीची वाट. घरात विजेच्या येण्याजाण्याला दोन तारा असतात. गाडीत येण्याला तार असते, जाण्याला बहुतेक सगळीकडे गाडीचे लोखंडी अंगच वापरतात. बॅटरीचे उणे टोक या अंगाला जोडलेले असते, आणि सॉकेटच्या भिंतीपासून एक आखूड काळी तार जवळच्या बोल्टला जाते. याला सगळे 'अर्थ' म्हणतात, जमिनीशी त्याचा काही संबंध नसला तरी. आम्ही लॅम्पचा चिमटा बोल्टवरून काढला, सॉकेटच्या भिंतीला लावला आणि सुई मधल्या भागाला. आता दिवा अगदी मंद, निखाऱ्यासारखा. वीज येत होती, तिला परत जाता येत नव्हते.

इथे मल्टिमीटरने आम्हांला चांगलेच चकवले. त्याच दोन ठिकाणी मीटर लावले तर ते ऐटीत १२.६ व्होल्ट दाखवी. दिवा खरा की मीटर? दोन्ही खरे. समजा, गंजलेल्या जोडाचा रोध १० ओहम झाला आहे. मीटरचा स्वतःचा रोध असतो सुमारे १ कोटी ओहम. एवढ्या मोठ्या रोधातून प्रवाह नावापुरताच वाहतो, त्यामुळे जोडात दाब जवळजवळ खर्चच होत नाही आणि मीटरला पूर्ण १२.६ दिसतात. आता मीटरच्या जागी १० ओहमचे खरे उपकरण लावा. जोड आणि उपकरण सारखेच, म्हणून दाबाची निम्मी निम्मी वाटणी होते आणि उपकरणाच्या वाट्याला ६.३ व्होल्ट येतात. नळीत अडकलेल्या पानासारखे आहे हे. तोटी बंद असते तेव्हा पाण्याचा दाब पूर्ण वाटतो, तोटी उघडली की धार करंगळीएवढी. म्हणून अशा तपासणीत थोडे तरी काम करणारा बल्ब मीटरपेक्षा बरा.

मधला प्लॅस्टिकचा खण उचलला. तो काढताना बॅटरीची उणे तार सोडवून ठेवली होती, आणि पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावला नाही. पिवळ्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांच्याशी खेळ नाही. काळ्या तारेच्या टोकाची कडी आणि तिचा बोल्ट यांच्यामध्ये तपकिरी पूड जमली होती. सँडपेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट आवळला, वर बोटभर ग्रीस लावले. खर्च शून्य. दिवा पांढरा लख्ख लागला आणि कन्येने फोन लावून पाहिला.

आजी एव्हाना पुण्याला परतली होती. तिला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "आणि माझ्या किवीचा चुंबक?" तो अजून पेन्सिलीलाच आहे. पेन्सिल गाडीच्या खणात असते, आणि खणात सुटे पैसे ठेवायला आता बंदी आहे.

स्वाध्याय

१. टायरचा पंप १० अँपिअर घेतो, चिली बिन ४ आणि फोनचा चार्जर २. १५ अँपिअरच्या फ्यूजवर कोणती दोन उपकरणे एकत्र चालतील? तिन्ही लावली तर?

२. तुमच्या गाडीच्या फ्यूजच्या झाकणावर काय छापले आहे ते बघा. जपानीत असेल तर त्यातले दोन शब्द देवनागरीत लिहून आणा.

३. आजीआजोबांना किंवा नातेवाइकांना फोन करून विचारा, त्यांच्या घरी फ्यूजची तार कोण बांधत असे आणि लाईट गेल्यावर घरात काय करत. उत्तर त्यांच्याच शब्दांत, दहा ओळींत लिहा.